मनकर्णेची बाटली

पाथर्डीकडची मनकर्णा म्हणजे सव्वीस हंगाम ऊस तोडलेली बाई. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायची ती अशी, की बघणारे गडी हातातलं काम टाकून उभे राहायचे. अन् ही वर उभी राहून त्यांनाच शिव्या घालायची! पण मोळ्यांनी अखेर मानेचा मणका खाल्ला. उजव्या हातात आग आग. गोळ्या खाऊन पोट नासलं, हात तसाच.

शेवटी नगरच्या एका वैद्यबाईंनी विजयेच्या पानाचं तेल लिहून दिलं. विजया म्हणजे भांग. "चिठ्ठीवर मिळतं, कायद्यात बसतं," त्या म्हणाल्या. "थेंब मोजून जिभेखाली घ्यायचं. आणि डोक्यावर ओझं परत नाही."

दुखणं गेलं नाही, पण निम्म्यावर आलं. कोयता मुठीत राहू लागला. तेवढंच तर हवं होतं. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मनकर्णा घरी बसली तर तिचा गोरक्ष उरला अर्धा कोयता, अन् अर्ध्याला कोणती टोळी घेते?

घरात मात्र तिनं मणक्याचं साधं तेल म्हणून सांगितलं. कारण सासू, रंगुबाई. म्हातारीच्या नवऱ्यानं गांजापायी घर धुळीला मिळवलेलं. नुसतं नाव काढलं तरी ती भांडी आपटायची. म्हणून मनकर्णेनं बाटलीवरचा पानाच्या चित्राचा कागद कोयत्याच्या पात्यानं खरवडून टाकला होता.

तर टोळी टेम्पोनं तोडीला निघाली. पुलाअलीकडं पोलिसांनी टेम्पो अडवला. त्याच आठवड्यात कुणाच्यातरी उसात गांजाची झाडं सापडली होती, त्यामुळं बोचकं न् बोचकं उतरवलं. हवालदारबाईंनी पिठाच्या डब्यातून बाटली काढली, बूच उघडून हुंगली.

"हे काय, मावशी?"

"औषीद हाय."

"वास भलताच येतोय. लेबल कुठंय? चिठ्ठी?"

चिठ्ठी! तोडीला जाताना रेशनकार्ड, आधार, सगळे कागद घरच्या पेटीत ठेवून जायची रीत. तिथं पालाच्या झोपडीत पाऊस, विस्तव, उंदीर. मनकर्णेनं हातासरशी चिठ्ठीही त्यातच टाकली होती. अन् पेटीची किल्ली रंगुबाईच्या गळ्यात.

"चिठ्ठी नसंल तर बाटली जमा. अन् तुम्ही चला ठाण्यात."

वैद्यबाईंचा फोन लागेना. टोळीचा मुकादम घड्याळ बघत म्हणाला, "गोरक्षा, आमी निघतो बाबा. दुसरी जोडी बघतो." गोरक्षनं आपलं बोचकं तेवढं उचलून बाजूला ठेवलं. मनकर्णेला ते बघवेना.

तिनं शेजारच्या स्नेहलला फोन लावला. पोरगी मोबाईल घेऊन म्हातारीकडं पळाली. हवालदारबाईंनी स्पीकर लावायला सांगितला.

"आत्याबाई, पेटी उघडा. माज्या तेलाची चिठ्ठी हाय, स्नेहल फोटू काढंल."

"कागदाला हात लावू द्यायची न्हाई मी कुनाला. अन् तेलाला कसली गं चिठ्ठी?"

सगळी टोळी कान देऊन उभी.

"त्यात भांगंचं पान हाय, आत्याबाई. मी खोटं बोलले."

पलीकडं कुठंतरी कोंबडी केकाटली. इकडं मुकादमानं टेम्पो चालू करायला लावला.

"तुला काय वाटलं," म्हातारी बोलली, "वीस वरसं त्या वासाशेजारी निजले मी, मला कळंना? बूच उघडलंस त्याच दिशी कळलं. बाटली फेकायला उठले बी हुते."

"मग?"

"पहाटं तू कण्हली न्हाईस. मग ऱ्हाऊ दिली." अन् लगेच, "स्नेहल, धर किल्ली. पेटीचं झाकण वर उचलून उघड, न्हाईतर अडकती मेली!"

फोटो आला. हवालदारबाईंनी नाव, तारीख, सही, शिक्का ताडून पाहिला, वहीत लिहून घेतलं.

"लेबल का खरवडलं?"

"सासूच्या भ्यानं, मॅडम."

हवालदारबाईंना हसू आवरेना. "चिठ्ठी मागवून घ्या अन् अंगावर ठेवा. दर खेपेला सासू नसते फोनवर."

मनकर्णा टेम्पोत चढली तशी टोळीतली लंकाबाई ओरडली, "सरका गं, गांजेकसीन आली!" टेम्पोभर हशा पिकला. एरवी ती पदराआड थेंब घ्यायची. आज बाटली गोरक्षनं धरली, अन् तिनं सगळ्यांदेखत तोंड उघडलं. थेंब लंकाबाईनं मोजले, मोठ्यानं.