अविनाशदादाचं उघडं दार

अंजूचा फोन आला तेव्हा मी रायपूरच्या भनपुरी भागातल्या माझ्या चटण्यांच्या छोट्या कारखान्यात बरण्यांची झाकणं घट्ट बसली आहेत का ते पाहत होते. अंजू साहू ही माझ्या मावसभावाच्या, अविनाशदादाच्या ऑफिसातली त्याच्या खालोखालची अधिकारी. एरवी ती मला कधी फोन करायची नाही. नाव पाहून पहिला विचार आला तो असा, की या माणसानं आता आणखी कोणतं झेंगट मागे लावून घेतलं? ‘दीदी, सर नहीं रहे,’ ती म्हणाली. सकाळी ऑफिसला निघताना बूट घालायला म्हणून तो खुर्चीत बसला, तो उठलाच नाही. वहिनीनं आधी ऑफिसची गाडी बोलावली, म्हणून अंजूला सगळ्यांत आधी कळलं. मी हातातलं झाकण बरणीला लावलं, नीट फिरवलं, आणि मग खाली बसले. अशा वेळी आपण असं का वागतो, कोण जाणे. याला आता काही आठवडे झाले. रडू ओसरलं आहे आणि त्याच्या जागी कुतूहल येऊन बसलं आहे. हा माणूस मला पुरता कळला आहे अशा समजुतीत मी इतकी वर्षं काढली होती.

आमच्या आया सख्ख्या बहिणी. दोघी लग्न होऊन विदर्भातून रायपूरला आल्या, दोघींचे नवरे रेल्वेत. दादा एकुलता एक, आणि मला भाऊ नाही. त्यामुळे राखी असो की भाऊबीज, तो माझ्याकडे आणि मी त्याच्याकडे, यात कधी चर्चा झाली नाही. लग्न होऊन मी पुरानी बस्तीत आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, ‘हा तुझा सख्खा की कसा?’ मी म्हटलं, ‘माझा भाऊ आहे.’ विषय तिथेच मिटला. घरी तो वऱ्हाडी बोलायचा, कॉलनीत हिंदी, आणि खेड्यात गेला की असं छत्तीसगढी बोलायचा की बायका विचारायच्या, कोणत्या पाऱ्यातला, म्हणजे वस्तीतला, आहेस? पहिली नोकरी त्यानं सिलतऱ्यात स्पंज आयर्नच्या एका कारखान्याच्या विक्री विभागात केली. तिथून तो या परदेशी संस्थेत गेला. लहान उत्पादकांचा माल दूरच्या देशांतल्या बाजारापर्यंत पोचवायचा, हे तिचं काम. मुख्यालय सातासमुद्रापार, कचेऱ्या कितीतरी देशांत, आणि त्यातली एक आमच्या रायपुरात. शेवटची बरीच वर्षं तो तिथला प्रमुख होता.

मी त्याला चिडवायचे, की तुमची संस्था म्हणजे एकमेकांना अहवाल पाठवणाऱ्यांचं मंडळ. तो हसायचा, पण ते त्याला लागायचं. जेवता जेवता एकदा म्हणाला, ‘शुभे, गंमत पाय. पैसा देणारे देश मुख्यालयाले जाब विचारतात, मुख्यालय मले विचारते. ज्या बायायच्या नावानं हे सारं चालून राहिलं, त्या काहून नाई विचारत?’ मी म्हटलं, ‘त्यांना माहीतच नाही ना, कोणाला विचारायचं ते.’ त्यानंतर त्यानं एक पद्धत सुरू केली. वर्षाचा अहवाल वर धाडण्याआधी तो आणि अंजू गावात जायचे, ज्या गटांबद्दल लिहिलं असेल त्यांना बसवून त्यांच्याच भाषेत वाचून दाखवायचे. मुख्यालयानं हे करायला सांगितलं नव्हतं, आणि तिथल्या काहींना ते आवडतही नव्हतं, कारण अहवाल दरवेळी उशिरा पोचायचा आणि थोडा फिकटही व्हायचा. बायका मध्येच हात वर करून म्हणायच्या, ‘ए तो नइ होइस, भैया.’ मग ते वाक्य जायचं. मी एकदा सोबत गेले होते. आपल्याबद्दल काय लिहिलं आहे हे ऐकताना त्या बायका काय मन लावून ऐकत होत्या... आपल्यापैकी किती जणांना ती संधी मिळते?

त्याचं दुसरं खूळ म्हणजे दार. त्याच्या केबिनचं दार आपोआप बंद व्हायचं, कारण आत एसी. सिलतऱ्याच्या कारखान्यात भट्टीतून निघालेला, कामाचा नाही म्हणून टाकून दिलेला लोखंडाचा एक गोळा त्यानं नोकरी सोडताना आठवण म्हणून उचलून आणला होता. नारळापेक्षा थोडा मोठा, खडबडीत, उचलायला गेलं तर मनगट मोडेल इतका जड. तो टेबलाखाली पडलेला असायचा. मी भेटायला गेले की दादा उठायचा, गोळा दाराला लावायचा, आणि मग आम्ही बोलायचो. बाहेरच्या व्हरांड्यातून येणारा-जाणारा प्रत्येक जण आत डोकावणार, आमचं बोलणं ऐकणार. एसीची हवा बाहेर, बाहेरचा उन्हाळा आत. माझ्या आधी बसलेला माणूस मात्र बंद दाराआड, थंडाव्यात चहा पिऊन गेलेला. याचा मला मनस्वी राग यायचा. परक्याची अब्रू झाकायची आणि आपल्या माणसाला चव्हाट्यावर बसवायचं, ही कुठली तऱ्हा?

आणि मग ते प्रदर्शनाचं प्रकरण झालं. माझ्या कारखान्यात आसपासच्या पाऱ्यांतल्या बायका चिंच सोलतात, गर काढतात, चटण्या करतात. परदेशातल्या खाद्यपदार्थांच्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी दादाच्या संस्थेनं रायपूर भागातून अर्ज मागवले, आम्हीही केला. निवड करायला बाहेरचे तिघे परीक्षक. दादा त्यांच्यात नव्हता, आणि बरण्यांवर नावंही नव्हती. तरी आमची चटणी पहिली आली. कारखान्यात त्या दिवशी काम झालंच नाही. सुकवारो म्हणून आमची सगळ्यात जुनी बाई आहे, तिनं आणि मी जायचं ठरलं. तिनं पासपोर्टसाठी फोटो काढला, आणि विमानात जोडवी काढावी लागतात का, हे ती रोज विचारायची. कोणी तक्रार केली नाही. तक्रार केली ती दादानं, स्वतःविरुद्ध. त्यानं मुख्यालयाला कळवलं, की निवडलेला गट माझ्या नात्यातला आहे, कोणी तरी येऊन तपासा. तिकडून एक बाई आल्या, आठवडाभर राहिल्या, सगळ्यांशी बोलल्या, गेल्या. मग निर्णय आला. निवडीत खोट नाही. पण कचेरीप्रमुखाच्या नात्यामुळे, तो पदावर असेपर्यंत आमच्या गटाला पाठवता येणार नाही.

एक मानायला हवं. हे सांगायला त्यानं पत्र धाडलं नाही, की अंजूला पुढे केलं नाही. तो स्वतः कारखान्यात आला, चिंचा सोलत बसलेल्या बायकांमध्ये ताडपत्रीवर मांडी घालून बसला आणि सगळं सांगितलं. मग सुकवारोनं हातातला कोयता खाली ठेवला आणि म्हणाली, ‘त भैया, एमा हमर का गलती हे?’ दादा म्हणाला, ‘गलती आपकी नहीं है. रिश्ता मेरा है.’ तिनं मान हलवली आणि परत कामाला लागली. तिला ते पटलं नव्हतं. मलाही नाही. खरं सांगायचं तर आजही पूर्ण पटलेलं नाही. वरच्यांना आणि स्वतःच्या मनाला जाब देताना त्यानं खालच्या बाईच्या हातातून तिची वाट काढून घेतली, आणि तिचा प्रश्न तसाच राहिला. तिचा तो फोटो अजून कारखान्यात देवाच्या तसबिरीला टेकवलेला आहे.

त्या भाऊबीजेला तो आला. मी ओवाळलं, वाढलं, पण बोलले नाही. मी पुरण वाढत असताना तो एवढंच म्हणाला, ‘राग धर, पण जेवू तरी दे पोटभर.’ पुढेही येणं-जाणं सुटलं नाही, फक्त त्या विषयावर दोघांच्याही तोंडाला कुलूप. मनात मी एक गोष्ट पक्की करून टाकली होती. याला नियम जवळचे, बहीण लांबची. असा कसा हा माणूस, हे कोडं मात्र अधूनमधून डोकं वर काढायचं, कारण माझ्या मुलीच्या आजारपणात हॉस्पिटलच्या बाकड्यावर माझ्याआधी येऊन बसलेला असायचा तोही हाच.

तेराव्याला अंजू आली. जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघी मागच्या अंगणात बसलो आणि मी तिला सरळ विचारलं, की त्या चौकशीत झालं तरी काय होतं? ती म्हणाली, ‘सर ने आपको कभी नहीं बताया?’ मग तिनं सांगितलं. चौकशीला आलेल्या बाईंच्या हातात नियम होता. नवरा-बायको, आईवडील, मुलं आणि भावंडं, एवढ्यांनाच बंदी. मावशीची मुलगी त्यात येत नाही. तिच्या गटाला जाता येतं, फक्त नातं उघड करायला हवं, आणि ते तर दादानं आधीच केलं होतं. अडचण एकच होती. त्यानं मला बहीण म्हणून सांगितलं होतं. त्या बाई बिचाऱ्या भल्या होत्या. त्या म्हणाल्या, तुम्ही फक्त एवढं म्हणा, की ही माझी बहीण नाही, मावशीची मुलगी आहे. आजच मोकळं करते.

‘तो सर बोले,’ अंजू म्हणाली. ‘मैडम, उससे पूछिए तेरा भाई कौन है, तो वो मेरा नाम लेगी. त्योहार में उसके घर बहन मानकर खाना खाता हूं. अब फायदे की बात आई, तो कह दूं कि बहन नहीं है?’ त्या बाईंनी पुन्हा विचारलं. तो नाहीच म्हणाला. बाहेर आल्यावर अंजू त्याच्याशी भांडली, की निदान दीदीला तरी हे सांगा. त्यावर त्यानं काय म्हणावं? ‘बताऊंगा, तो बोलेगी, मत मान बहन, मुझे जाने दे.’

मी त्या अंगणात हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं. कारण मी ते म्हटलंच असतं, अगदी त्याच शब्दांत. आणि मग त्यानं काय केलं असतं? ज्या बहिणीसाठी हट्ट धरला तिनंच सोडून दे म्हटल्यावर? इतकी वर्षं मी समजत होते, की त्यानं मला नियमाच्या तोंडी दिलं. नियम तर मला सोडायला तयार होता. सोडलं नाही ते दादानं. यात सुकवारोचं नुकसान झालं ते झालंच. पण माझा दादा काय होता, ते मला त्या दिवशी कळलं, आणि ते सांगायला तो नव्हता.

निघताना अंजूनं गाडीतून एक जड पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. आत तो लोखंडाचा गोळा. नवीन साहेबांना केबिनमध्ये तो नको होता. मी म्हटलं, मला कशाला? याच गोळ्यानं दार उघडं ठेवून तो माझा पाणउतारा करायचा. अंजू म्हणाली, ‘दीदी, ये सिर्फ घरवालों के लिए लगता था. आपके लिए, भाभी के लिए. बाकी किसी के लिए सर इसे हाथ नहीं लगाते थे.’ मला आमच्या भांडणानंतरची पहिली भेट आठवली. कसल्याशा परवान्याची चौकशी करायला मी गेले होते, मुद्दाम परक्यासारखी, ‘साहेब’ म्हणून हाक मारत. वाकून, कमरेला हात लावत त्यानं टेबलाखालून गोळा ओढला होता आणि दाराला लावला होता...

परवा माझी नणंद कारखान्यातल्या माझ्या केबिनमध्ये आली. तिच्या मुलानं खोके बनवायचं काम सुरू केलं आहे, त्याला आमचं काम मिळावं अशी तिची इच्छा. बाहेर बायका चिंचा सोलत होत्या, सुकवारो दाराच्या समोरच बसली होती. नणंदेनं बोलायला तोंड उघडलं तेव्हा मी तिला हातानं थांबवलं, उठले आणि कोपऱ्यातला गोळा दोन्ही हातांनी ओढत आणून दाराला लावला. ‘काहून वं वहिनी,’ ती म्हणाली, ‘एसी चालू हाय, दार काहून उघडं टाकून राहिली?’

‘राहू दे,’ मी म्हटलं. ‘आपलं माणूस आलं आहे.’