पाइपावरचं नाव

पिशोरच्या कारभारींची हयात भांड्यांवर नावं घालण्यात गेली. पोराला, बन्सीला, तीच खोड लागली: हातचं काम झालं की त्यावर नाव-तारीख ठोकायची. वाळूजला वेल्डिंग करताना ठोकली, पुढं मालवाहू जहाजावर फिटर झाला तिथंही. समुद्राशी पिशोरचा संबंध तोवर मिठापुरताच.

जहाजाचा मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा, कामगार तिसऱ्याचे. इंजिनखोलीतलं तेलकट पाणी गाळूनच समुद्रात सोडायचं, हा देशादेशांनी मिळून केलेला कायदा. पण गाळायला वेळ लागतो. परदेशी चीफ इंजिनिअरनं बन्सीकडून गाळणीला वळसा घालणारा पाइप जोडून घेतला. काळं पाणी परभारे समुद्रात, जहाजाच्या नोंदवहीत मात्र 'गाळून सोडलं'. बन्सीनं काम सुबक केलं आणि सवयीनं पाइपावर नाव-तारीख ठोकली.

एका बंदरात तपासणीवाले चढले. पाइप सापडला. "आमच्या आधीचा आहे," चीफ म्हणाला. अधिकाऱ्यानं अक्षरांवर टॉर्च मारली. "हे काय लिहिलंय?"

ती लिपी वाचणारा जहाजावर बन्सी एकटा. आठवड्यात तो घरी निघणार होता. आई, सारजाबाई, सिल्लोडच्या दवाखान्यात पडून होती. देवाचं नाव आहे म्हणाला असता, तरी भागलं असतं. पण बापाची हातोडी डोळ्यापुढं आली.

"माझं नाव," तो म्हणाला. "तारीख पाच महिन्यांमागची."

पाणी भर समुद्रात सांडलं, तिथं आमचा हुकूम चालत नाही. पण खोटी वही आमच्या बंदरात आणली, तो आमच्याकडचा गुन्हा, असं तिथल्या सरकारनं ठरवलं. कंपनीनं दंड भरला, जहाज गेलं. चीफवर खटला उभा राहिला; साक्ष होईस्तोवर देश सोडायचा नाही, म्हणून साक्षीदार बन्सी तेवढा लॉजवर राहिला. खिडकीतून समुद्र दिसायचा, निळाशार.

"बा, माय कशीये?"

"इचारती, कव्हा येतो." म्हातारा फोनवर खेकसला, "लेका, चोरीच्या कामावर कुणी नाव घालतं व्हय?"

"तूच शिकवलं ना."

"नाव घालाय शिकवलं. काम कसलं ते बघाय शिकवायचं राह्यलं."

लॉजवरच्या सातव्या महिन्यात सारजाबाई गेली. साक्ष नवव्या महिन्यात झाली, वीस मिनिटं.

बन्सी परतला. त्याला पुन्हा जहाजावर घ्यायला एकही एजंट तयार होईना. वर्षश्राद्धाला वाटायच्या एकावन्न वाट्या घरात रचून ठेवल्या होत्या. कारभारींचा हात आता कापायचा. बन्सीनं पहिल्या वाटीवर घातलं, 'कै. सारजाबाई यांच्या स्मरणार्थ'. खाली ती गेल्याची तारीख.

"तुझं नाव घाल की. दिली कुणी ते कळाया नको?"

"त्या तारखेला मी नव्हतो, बा," बन्सी म्हणाला, आणि दुसरी वाटी ओढली.