विलायती पट्टा

बदली होताच आमच्या तारापूरच्या वसाहतीतले एक साहेब आपला म्हातारा अल्सेशियन फाटकाला बांधून निघून गेले. त्याचे मागचे पाय लुळे पडले होते. "गोळी घालून टाका," शेजारी चहा पिता पिता म्हणाले. माझं डोकंच फिरलं.

चिंचणीहून मासळी विकायला येणाऱ्या बाईने पाटी उतरवली, कुत्र्याचा पट्टा सोडून गटारात फेकला आणि बैलगाडीवाल्याला हाक मारली.

"हे धूड कशाला नेतेस?" शेजारी हसले.

"आमी फुटकी होडीपन दर्यात सोडत नाय, वढून दारात ठेवतो," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "ह्यो तर जिता हाय."

महिन्याभराने साहेबांचा निरोप आला. कुत्र्याची चौकशी नव्हती. विलायती पट्टा तेवढा परत हवा होता.

गटारात आहे, येऊन काढा, असं मी कळवलं.