वीस एमबीची पेटी

जी वस्तू गुपचूप आपलं काम करते, तिचे किस्से होत नाहीत. माझ्या मिक्सरचा एकही किस्सा नाही. आमच्या पेटीने मात्र जन्मात कधी सरळ काम केलं नाही, त्यामुळे तिचे इतके किस्से साठलेत की त्या वीस एमबीत मावणार नाहीत!

पेटी म्हणजे हार्ड डिस्क. घरगुती कॉम्प्युटरला टीव्ही जोडायचो आणि प्रोग्राम कॅसेटवर ठेवायचो, त्या काळातली. बाहेरून जोडायची, व्हीसीआरएवढी आणि दळणाच्या डब्याएवढी जड. आमच्या ओळखीत ती फक्त ह्यांच्याकडे होती. म्हणून ह्यांचे कॉम्प्युटरवेडे मित्र आपापले प्रोग्राम आमच्या पेटीत ठेवायचे आणि ते चालवायला दर रविवारी डोंबिवलीला आमच्या घरी जमायचे. एके काळी चपलांना दारात जागा पुरायची नाही. आता दोघंच येतात. कोपरचे पेडणेकर आणि ठाण्याचे साठे.

* * *

पेटी आणली माझ्या दिरांनी, मस्कतहून. विमानतळावर कस्टमवाल्याने अडवलं.

"ये क्या है?"

दीर मोठ्या अभिमानाने म्हणाले, "इसमें हजारों पन्ने आते हैं, साहब!"

साहेबांनी पेटी उचलली, हलवली, कानाशी धरली आणि टेबलावर ठेवली.

"खोलो. पन्ने दिखाओ."

दिरांना घरी यायला संध्याकाळ झाली.

* * *

पेटीचा एक नियम होता. आधी पेटी चालू करायची, तिची घरघर एका लयीत आली की मगच कॉम्प्युटर. उलटं केलं तर कॉम्प्युटर पेटीला ओळखच दाखवायचा नाही. आणि लोडशेडिंगमध्ये दिवे गेले की ते परत यायच्या आत सगळी बटणं बंद झालीच पाहिजेत, असा ह्यांचा हुकूम.

नणंदेला बघायला मंडळी आली, त्याच दिवशी नेमके दिवे गेले. हे आंघोळीला गेलेले. तसेच टॉवेल गुंडाळून, अंगाला साबण, "पेटी! पेटी!" ओरडत पाहुण्यांच्या मधून धावले!

मुलाच्या आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. मुलगा मात्र उठला आणि ह्यांच्या मागोमाग आत गेला. दोघं बाहेर आले तेव्हा पोहे गार झालेले. जाताना मंडळी होकार देऊन गेली.

नणंद आजही कुरकुरते, "मला कुणी धड बघितलंच नाही. पेटी बघून होकार आला!"

* * *

पश्चिमेहून पूर्वेला घर बदललं तेव्हा सामान टेम्पोत गेलं, पेटी रिक्षात, ह्यांच्या मांडीवर. डिस्कला हादरा बसला की आतलं सगळं जातं, म्हणून हे दर दोन मिनिटांनी रिक्षावाल्याला सांगत होते, "खड्डा चुकवा हो जरा."

त्या माणसाने बराच वेळ ऐकून घेतलं. मग रिक्षा बाजूला घेऊन थांबवली आणि मागे वळून म्हणाला, "काका, खड्डे चुकवतो मी. पण मग चालवू कुठे ते सांगा!"

* * *

हे गेले आणि पेटी माझ्याकडे आली. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, मला तिच्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पहिल्याच रविवारी बेल वाजली. दारात पेडणेकर, साठे आणि तेव्हा येणारे तिसरे मित्र, दामले. तिघंही पायपुसण्यावर पाय पुसत उभे. शेवटी दामलेच म्हणाले, "वहिनी, पेटी चालू आहे ना?"

मी आत जाऊन बटण दाबलं. नियम मला पाठ होता.

* * *

साठ्यांनी फार पूर्वी रमीचा प्रोग्राम लिहिलाय. त्यात ते कॉम्प्युटरशी रमी खेळतात आणि दर रविवारी हरतात. एकदा मी म्हटलं, "प्रोग्राम तुमचाच आहे ना? मग थोडा बदला की."

साठे चष्म्यावरून बघत म्हणाले, "वहिनी, घरी मला हरवायला तरी कोण आहे?"

मी चहा टाकला.

* * *

दामले गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या मुलाने त्यांचा कॉम्प्युटर टेम्पोत घालून माझ्याकडे पाठवून दिला. त्याआधी बंगलोरला गेलेल्या दोघांनी आपापले ठेवलेच होते. आता दिवाणखान्यात चार कॉम्प्युटर आणि माणसं तीन. पेडणेकर म्हणतात, "वयनी, अजून एक आला तर आपल्याला गॅलरीत बसायला लागणार!"

* * *

थंडीत पेटी आखडते. आतलं वंगण घट्ट होतं आणि चकती फिरत नाही. मग साठे तिला शाल गुंडाळतात, पेडणेकर सुट्टीला आलेली माझी सून विसरून गेली तो हेअर ड्रायर लावतात.

एकदा हा प्रकार चालू असतानाच मुलाचा व्हिडिओ कॉल आला. त्याला दिसली फक्त शाल आणि तिच्यावर वाकलेली दोन म्हातारी माणसं.

"आई! कोण आजारी आहे?"

"पेटी," साठे न वळता म्हणाले.

मुलगा वैतागला. "फेकून दे गं ती. मी तुला टेराबाइटची पाठवतो, खिशात मावते!"

"आणि ती बघायला रविवारी कोण येणार आहे?" मी म्हटलं.

तो हसला. मी काही विनोद केला नव्हता. सोमवार ते शनिवार माझ्याशी बोलतात फक्त दूधवाला आणि 'ओटीपी कुणाला सांगू नका' म्हणणारी बँकेची रेकॉर्ड केलेली बाई. पेटी बंद पडली की रविवारही गेला, हे मला ठाऊक होतं.

* * *

आणि पेटी बंद पडली. एका शनिवारी झाडताना सहज चालू करून बघितली. घरघर झाली, आत काहीतरी करकरलं, जळका वास आला आणि सगळं शांत झालं. घर इतकं शांत की वरच्या मजल्यावरचा कुकर ऐकू यायला लागला.

दोघांना फोन करून सांगावं, उगाच हेलपाटा नको, असं वाटलं. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. एक तरी रविवार मिळू दे, म्हटलं.

रविवारी दोघं आले. साठ्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पेडणेकरांनी वायर काढून घातली, पेटी तिरकी करून बघितली. मी दाराला टेकून उभी होते.

"गेली," मी म्हटलं. "कालच गेली. तुमचे प्रोग्रामही गेले. आता तुम्ही तरी कशाला याल?"

पेडणेकरांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात एक छोटासा पेन ड्राइव्ह लटकत होता.

"काय गेला नाय वयनी. सगळा हितं आहे. मी कवाच कॉपी मारून ठेवलेला. साठ्यांना दिलाय, दामल्यांना पण दिलेला. घरच्या कॉम्प्युटरवर मस्त चालतो."

"कवाच म्हणजे कधी?"

"तुमचे मिस्टर होते तेव्हाच की!"

मी साठ्यांकडे बघितलं. साठे लालबुंद झाले होते आणि पेडणेकरांवर खेकसत होते, "अरे गाढवा, वहिनींना सांगायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं!"