नऊ नंबरची पट्टी

शांतारामकाका काम करताना बोलत नसत, आणि ते काही स्वभावामुळे नव्हे. त्यांच्या तोंडात पट्टी असायची. शिंप्याच्या ओठांत टाचण्या असतात तशी ओठांत दाबून धरलेली बोटभर लांबीची पत्र्याची पट्टी, तिच्यावर गाडीचा नंबर. गाडी खोलायची म्हटलं की आधी ती पट्टी काढायची, तोंडात धरायची आणि मगच पान्याला हात लावायचा. मग कुणी हाक मारो, चहा येवो, फोन वाजो, काकांची फक्त मान हलायची. त्यांच्या गावची पोरं मुद्दाम छेडायची, "काय शांतारामदादा, काकीनी टाला लावलाय काय तोंडाला?" काका काम पुरं करायचे, पट्टी बसवायचे, स्क्रू आवळायचे. मग तो पोरगा कधीचा कॅन्टीनमध्ये जाऊन बसलेला असला तरी तिथवर चालत जायचे आणि सांगायचे, "टाला तुज्या तोंडाला लावायला पायजे व्हता. तुज्या आयशीची चूक झाली." पोरगा काय विचारलं होतं तेच विसरलेला असायचा.

आमचं गोदाम पनवेलच्या बाहेर, कोन गावाच्या बाजूला. आत माणसं कमी आणि गाड्या फार. गाडी म्हणजे गुडघ्याएवढी, चपटी, चाकांवरची. उंच रॅकच्या मधून रूळ गेलेत, त्या रुळांवर या गाड्या आपल्या आपण धावतात, खोका उचलतात, नेऊन ठेवतात. ड्रायव्हर नाही. दोन रॅकच्या मधल्या बोळाला आम्ही गल्ली म्हणतो. प्रत्येक गाडीचे सुटे भाग: चाकांचा सांगाडा, बॅटरीचा डबा आणि सगळ्यांत वर डोकं. कॉम्प्युटर ज्याच्याशी बोलतो ते डोकं. एका गाडीचे भाग दुसरीला बसतात, त्यामुळं बिघडलेली गाडी पडून राहत नाही. एकीचं धड, दुसरीचं डोकं, की झाली तयार. हे जोडायचं काम शांतारामकाकांचं.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. शाळा आठवीत सुटली. आई भावाकडे राहते आणि भावाच्या घरात माझ्यासाठी जागा नव्हती, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. एका ओळखीच्या बाईच्या मागोमाग इकडं आले आणि खोके भरायच्या लाइनीवर उभी राहिले. काहीही झालं, सुपरवायझर नुसता जवळून गेला तरी मी खोके दुप्पट वेगानं भरायला लागायचे. आता काढतात बहुतेक, असं वाटायचं.

एक दिवस काका आमच्या लाइनीशी आले. रॅकमध्ये खोका आडवा पडला की आत चढून तो मोकळा करणारी चारदोन माणसं असतात, त्यात एक कमी होतं. त्यांनी विचारलं, "उंचावर कोनाला भीती वाटतं?" सगळे म्हणाले, आपल्याला नाही वाटत. मला खोटं बोलायचीसुद्धा भीती वाटली, म्हणून मी म्हणाले, "मला वाटते."

"मग तूच चल," काका म्हणाले. "ज्याला वाटत नाय तो पडतो, न आमाला त्याच्या मयताला रजा काढावी लागतं."

अशी मी त्यांच्या हाताखाली आले. शिकवताना ते फार बोलायचे नाहीत, पण दोन गोष्टी मात्र रोज म्हणायचे. मी "झालं काका" म्हटलं की विचारायचे, "झाला, का संपवलास?" म्हणजे नीट झालं की हातावेगळं केलंस? आणि दुसरी, गाडीच्या डोक्यावर टिचकी मारून, "नंबर डोक्याचा, धडाचा नाय. डोका गेला तिकडं पट्टी गेली पायजे." कॉम्प्युटरला धड दिसत नाही, त्याला फक्त डोकं ओळखू येतं. आपल्याला मात्र डोळ्यांनी धडावर स्क्रूनं बसवलेली पट्टी दिसते. दोन्हींची गाठ चुकली तर माणूस एका गाडीला थांब म्हणणार आणि चालणार दुसरीच. म्हणून ती पट्टी तोंडात. तोंडात पत्रा असला की माणूस विसरू शकत नाही, असा त्यांचा साधा हिशेब.

जेवायला ते मला त्यांच्या बाकड्यावर बसवायचे. माझी ज्वारीची भाकरी उचलून बघत म्हणायचे, "ह्या भाकरीला दात भाड्यानी आनावे लागतील." मग स्वतःच्या डब्यातला तांदळाच्या भाकरीचा तुकडा आणि सुकट माझ्यापुढं सरकवायचे. काकी वेगळं बांधून द्यायच्या, 'त्या लांबच्या पोरीला' म्हणून. काकींना तोवर मी पाहिलं नव्हतं. जिथं गोदाम उभं आहे तिथं पूर्वी त्यांचीच जमीन होती, असं मला कळलं तेव्हा मी हळहळले. काका म्हणाले, "हलहलतंस कशाला? चिखल व्हता नुसता. पाय सरायचे आमचे." जमिनीच्या बदल्यात मिळालेली ही नोकरी. त्याआधी ते पनवेलला रिक्षांच्या गॅरेजात होते. नोकरी पक्की, गावचा माणूस, त्याला कोण हात लावणार? त्यांची मला कधी काळजी वाटली नाही. मला माझीच वाटायची.

दिवाळीच्या आधीचे दिवस. मालाचा नुसता पूर आलेला. पडलेला खोका काढायला आत जायचं तर अख्खी गल्ली बंद करायची, असा नियम भिंतीवर लिहिलेला होता, अजूनही आहे. पण गल्ली बंद केली की तिच्यातल्या सगळ्या गाड्या उभ्या राहतात आणि माल तुंबतो. म्हणून साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं होतं, सणापुरती गल्ली बंद करू नका, जी गाडी आड येतेय तेवढीच थांबवा. साहेब म्हणजे आमचे मॅनेजर. वाईट माणूस नव्हता. त्याच्यावरही कुणीतरी होतंच.

त्या दुपारी नऊ नंबरची चाकं गेली होती आणि चौदा नंबरचं डोकं जळालं होतं. काका नऊचं चांगलं डोकं चौदाच्या धडावर चढवत होते. ओठांत नऊची पट्टी. तेवढ्यात साहेब पाहुण्यांना घेऊन आले. इस्त्रीचे कपडे, डोक्यावर आमच्यासारख्याच पिवळ्या टोप्या. साहेब म्हणाले, "काका, जरा यांना समजावून सांगा, तुमच्या भाषेत."

काकांनी मान हलवली. साहेब हसून म्हणाले, "अहो, ते तोंडातलं काढा की! पाहुण्यांसमोर काय हे?"

मी शेजारीच उभी होते. काकांनी पट्टी तोंडातून काढली, शर्टाला पुसली आणि टेबलावर ठेवली. त्यांना ओशाळल्यासारखं झालं होतं, हे मला दिसलं. मग ते सांगू लागले आणि छान सांगत होते. "ह्याचा डोका त्याला बसतो. आपल्या मानसांत असा करता आला असता तर किती बरा झाला असता!" पाहुणे खळखळून हसले. फोटो काढले. साहेब खूश होऊन म्हणाले, "चालवून दाखवा ना." काकांनी डोकं आवळलं, गाडी रुळावर सोडली, ती सुर्रकन आत गेली. टाळ्या पडल्या. टेबलावर कुणीतरी पुसायचं फडकं टाकलं, त्याच्याखाली नऊची पट्टी राहिली. गाडी चौदाची पट्टी मिरवत आत गेली होती.

थोड्या वेळानं त्याच गल्लीत खोका आडवा पडला. मी आत चढले. पुढं गाडी उभी, पट्टी चौदाची. मी वॉकीटॉकीवर कंट्रोल रूमला सांगितलं, "चौदा थांबवा." तिथं अश्फाक बसायचा, पनवेलचाच. तो म्हणाला, "ताई, चौदा तर बंदच आहे. दुकानात आहे ती." दुकान म्हणजे काकांचं टेबल. चौदाचं डोकं खरंच तिथं जळून पडलेलं होतं. टेबलावर राहिलेली पट्टी मला आठवलीच नाही; वाटलं, बंद आहे म्हणतोय ना. मी रुळावर पाय ठेवून खोका ओढला आणि त्याच क्षणी कॉम्प्युटरनं नऊला बोलावलं.

त्यापुढचं मला फक्त आवाजात आठवतं. उजवा पाय घोट्याखाली चिरडला गेला.

पनवेलच्या हॉस्पिटलात साहेब फळं घेऊन आले. खुर्ची ओढून अगदी घरच्यासारखे बसले. "सुनंदा, घाबरू नको. चौकशीवाले येतील. एवढंच सांग, गल्ली बंद न करता मी आत गेले. खरंच आहे ना ते? लवकर मिटेल."

खरं होतं आणि नव्हतं. ते कबूल केलं की चूक माझी, नोकरी संपली, हॉस्पिटलचा खर्च माझ्या डोक्यावर आणि हा असला पाय घेऊन भावाच्या दारात. मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हणाले, "काकांना विचारून सांगते."

"त्यालाच विचार," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. का ते मला तेव्हा कळलं नाही. फडक्याखालची पट्टी सापडली होती आणि ती कुठं सापडली हे साहेब आणि काका सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. काका स्वतःची चूक झाकायला गप्प राहतील, असा साहेबांचा हिशेब होता.

काका आले नाहीत. काय झालं ते अश्फाकनं येऊन सांगितलं. "ताई, खुदा कसम, मला घाम फुटला. मोठ्या ऑफिसचे लोक बसलेले. साहेब सांगत होते, मुलगी नवी, नियम तोडला. काका मध्येच उभे राहिले. म्हणाले, 'नऊचा डोका चौदावर मी चढवला. पट्टी बदलायची माजी रायली. पोरीनी चौदा बगितला न चौदा थांबवा सांगितला, बराबर सांगितला. न गल्ली बंद करू नका असा साहेब तुमीच बोललाव, सगल्यांसमोर. आता कोन बोलत नसंल तर मी बोलतो.' मग मी पण उठलो, ताई. काय करणार? बसून राहता येईना."

आदल्या रात्री गावातली माणसं काकांच्या घरी जाऊन बसली होती म्हणे. गप राहा, बाहेरची पोरगी हाय, जाईल आपल्या गावाला, तुजा काय जातं? काका त्यांना काही बोलले नव्हते.

माझी नोकरी राहिली. पाय बरा झाला तेवढा झाला, आणि मला कंट्रोल रूममध्ये अश्फाकच्या शेजारची खुर्ची मिळाली. साहेबांची बदली झाली. काकांना काढलं. गावचा माणूस असूनही कुणी मध्ये पडलं नाही. गावालाच त्यांचा राग आला होता.

ते जासईच्या बाजूला एका कंटेनर यार्डाच्या गेटवर वॉचमन म्हणून लागल्याचं कळलं. काठी टेकत चालता यायला लागल्यावर मी तिथं गेले. धुळीत ट्रेलरची रांग लागलेली, आणि काका खुर्चीवर नुसते बसलेले. मांडीवर हात उताणे. त्या माणसाचे हात रिकामे मी कधी पाहिले नव्हते. मला पाहून ते उठले नाहीत. म्हणाले, "पाय दाखव."

मी चप्पल काढली. त्यांनी बराच वेळ पाहिला. पाना हातात घेण्याआधी बिघाड पाहायचे तसाच.

मी म्हणाले, "काका, तुमच्यामुळं माझी नोकरी राहिली. मी आभार..."

"आभार कसले मानतंस? पाय मीच खाल्ला तुजा."

"तुम्ही खरं बोललात म्हणून..."

"खरा बोलायला काय लागतं? तोंड लागतं, ता सगल्यांना हाय. पट्टी बदलायला ध्यान लागतं. ता नवता माज्याकरं. पाहुने बगून हुरललो मी." मग ट्रेलरवाल्यानं हॉर्न दिला म्हणून त्यांनी गेट उघडलं, लावलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "परत येव नको, सुनंदा. तू आलीस का मना तो आवाज येतो."

मी परत गेले नाही. काहींना वाटेल, हे कसलं ऐकणं. पण त्यांनी मला आजवर जे जे सांगितलं होतं ते माझ्या भल्याचंच होतं. हे एकच त्यांनी स्वतःसाठी मागितलं होतं. खुर्चीवर बसून मी आता गाड्या थांबवते. कुणी आत जातो म्हणालं की अख्खी गल्ली बंद करते. सण असो, कुणी ओरडो.

ते गेल्याचं अश्फाकनंच सांगितलं. ड्यूटीवर छातीत कळ आली, पनवेलला नेईपर्यंत संपलं होतं. आता ते जिवंत नाहीत, म्हणजे त्यांना आवाज येणार नाही, असा विचार करून मी त्यांच्या घरी गेले. ओट्यावर बायका बसल्या होत्या. मी कोण हे कुणाला माहीत नव्हतं, पण पायरी चढताना माझं पाऊल पडलं आणि बायकांच्या मधून काकींनी वर पाहिलं. त्यांनी मला ओळखलं ते चालण्यावरून.

कुणी सरकलं नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले. रडू येत होतं, पण त्या घरात रडायचा हक्क मला आहे की नाही हे ठरत नव्हतं. मग काकींनी विचारलं, "काम हाय अजून तुजा? तिथंच?"

"हो, काकी."

"आमचा पोरगा दोनदा जाऊन आला तिथं. घेत नाय त्याला. बापाचा नाव बगतात." त्यांचा आवाज चढला नाही. "मी मना करत व्हती त्यांना. बोलू नको, बोलू नको. पाया परली मी."

मी तिथंच भिंतीशी खाली बसले.

"आता तू ता काम सोरू नको," काकी म्हणाल्या. "कोनी काय पन बोलला तरी सोरू नको. आमच्या घरातून तुज्याकरं गेलाय ता."

मी हो म्हणाले. दुपारची पाळी होती, म्हणून तिथूनच रिक्षा केली आणि कामावर गेले.