त्या सकाळची दाढी

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या वाचनालयात मी एका अमेरिकन आजोबांना त्यांच्या हातातल्या कादंबरीचा शेवट सांगून टाकला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गावात मी नवा होतो आणि इंग्रजीत गप्पा मारायची हौस दांडगी.

आजोबा दर शनिवारी टाय बांधून यायचे, भिंग रुमालाने पुसायचे आणि एकेक ओळ बोटाने धरून वाचायचे. नाताळनंतर आपल्या डोळ्यांना काहीच दिसणार नाही, हे त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं होतं. त्याआधी एवढं पुस्तक पुरं करायचं होतं. कादंबरी एका थकलेल्या मुष्टियोद्ध्याची. मी तिचा एका बैठकीत फडशा पाडला होता, म्हणून ऐटीत म्हणालो, “शेवटी मरतो बिचारा!”

त्यांचं बोट थांबलं. मी जीभ चावली.

“मरणारच,” ते शांतपणे म्हणाले. “मला बघायचंय, मरायच्या त्या सकाळी तो दाढी करतो का. करतो?”

मला काही केल्या आठवेना.

बोलता बोलता बोट सरकून त्यांची ओळ हरवली होती. शोधून द्यायला मी हात पुढे केला. त्यांनी तो हळूच बाजूला सारला, भिंग पुन्हा पुसलं आणि पानाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

“म्हणजे तुम्ही वाचलं नाहीत,” ते म्हणाले. “नुसतं संपवलंत.”