श्रीपतीतात्यांचं पेव

कळंबच्या श्रीपतीतात्यांनी उभ्या जन्मात कुणाची काडी उचलली नाही की कुणाला वाकडा शब्द ऐकवला नाही. पण माणूस भ्याला. आणि घरातला कर्ता माणूस एकदा भ्याला ना, की मग त्या घराला दुसरं संकट लागत नाही बघा.

वालचंदनगरच्या कारखान्यात त्यांची सगळी हयात गेली होती. भोंगा वाजला की उठायचं, भोंगा वाजला की कामावर, भोंगा वाजला की भाकरी सोडायची. रिटायर झाल्यावर ते कळंबला आपल्या तुकड्यावर आले, दगडमातीचं जुनं घर डागडुजी करून राहू लागले. बायको मालनबाई, लोणी देवकरला कंपनीत जाणारा मुलगा संघपाल आणि नवी सून मेघना. कसली ददात नव्हती.

मग त्र्याण्णव साली किल्लारीला भूकंप झाला. कळंबला त्या पहाटे फळीवरची भांडी नुसती किणकिणली. पण पेपरात फोटो आले, ते तात्यांनी बघितले. अगदी यांच्या घरासारखी दगडमातीची घरं, माणसांच्या अंगावर बसलेली. तात्यांनी पेपर खाली ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

दुपारी त्यांनी बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर शेतातल्या पत्र्याच्या शेडात नेऊन टांगली. संध्याकाळी माणसं नेली.

"तात्या, किल्लारी कुठं आन् कळंब कुठं!" संघपाल हसला.

"त्ये बी असंच म्हनत झोपले आसतील," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजाला असा कंप होता की पोरगा वळकटी उचलून चालू लागला.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. भूकंप झाला म्हणजे पुढं काय काय होईल, हे तात्यांच्या डोक्यात सुरू झालं. लाइट जाईल, यष्टी बंद, रेशन बंद, कालवा फुटेल. मग माणूस जगेल कुठं? सायकल काढून त्यांनी मुलूख पालथा घातला. बारामतीला गेले, तर तिथं मजल्यावर मजले, बघूनच गरगरलं. लोणी देवकरला कारखाने, पण प्यायचं पाणी टँकरचं. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला मात्र मन लागलं. पाणी अथांग, मासे, गवत, शेंगा. तात्या काठावर जरा टेकले. तेवढ्यात एक म्हातारा कोळी सहज बोलून गेला, "ह्या पान्याखाली आमचं जुनं गाव हाय." झालं! तात्यांनी सायकल उचलली ती मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

शेवटी त्यांची पसंती पडली ती स्वतःच्याच तुकड्यावर. विहीर होती, मोटर बंद पडली तर दोर-बादली होती, सरपणाला बाभळी होत्या. कमी होतं ते धान्याचं. कणगी घरात ठेवावी तर घर पडणार. म्हणून तात्यांनी पेव खणायचं काढलं. जमिनीत खणायचं, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट रांजणासारखं. कडब्याचं अस्तर लावून ज्वारी भरायची आणि वर दगड ठेवून माती लिंपायची. आता कोण करतंय असलं? पण गावात गेणबा होता, तरुणपणी पेवं भरलेला. त्यानं सगळं दाखवलं आणि शेवटी बजावलं, "श्रीपतराव, उघडल्यावर येकदम आत उतरायचं न्हाय. आत कोंडलेली हवा लई वंगाळ. तोंड उघडं टाकायचं, मग पेटता दिवा सोडायचा. दिवा इजला तर बाजूला सरायचं."

"आन् भूकंप काय दिवा लावंस्तवर थांबतोय व्हय?" तात्या म्हणाले.

इथंच घात झाला.

कारखान्यात मुरलेल्या माणसाला भोंग्याशिवाय चैन कुठली? तात्यांनी शेडाच्या आढ्याला पितळी थाळी बांधली. ती वाजली की ज्यानं त्यानं नेमलेलं काम करायचं. मालनबाईनं पाणी आणायचं, संघपालनं गाय सोडायची, मेघनानं पेवाचा दगड सारून पाटीभर ज्वारी काढायची. जेवताना वाजव, न्हाताना वाजव. जरा उशीर झाला की तात्या थरथरत ओरडायचे, "मेलीस! आता तू मेलीस बघ!" पोरगी बिचारी ताटावरून उठून धावायची. तेव्हा पेव रिकामं होतं, दगड नुसता वर टेकवलेला असायचा. ती उतरायची आणि रिकामी पाटी घेऊन वर यायची.

पुढं सुगी झाली. पेव निम्म्यावर भरलं, तोंड लिंपलं, वरून पावसाळा गेला.

दसऱ्याच्या सुमारास एका दुपारी रेडिओवर कुठंतरी पुन्हा धक्का बसल्याची बातमी लागली. संघपाल कामावर होता. जमीन हलली नव्हती, पानसुद्धा हललं नव्हतं. पण तात्या उठले आणि त्यांनी थाळी बडवली.

मालनबाई विहिरीकडे धावली. मेघनानं पहारीनं लिंपण फोडलं, दगड सारला आणि पाटी घेऊन उतरली. तात्या मनातल्या मनात मोजत उभे. पाटी वर येईना. "मेघना! ए मेघना!" उत्तर नाही.

त्यांनी वाकून बघितलं. ज्वारीच्या राशीवर पोरगी आडवी पडली होती. गेणबाचा शब्दन्‌शब्द त्यांना आठवला.

"मालन! पाय धर माजं!" श्वास कोंडून ते डोक्याकडून आत लोंबकळले. चिखलातून धावत आलेल्या मालनबाईनं त्यांचे पाय कवळले. हाताला मनगट लागलं आणि निसटलं. वर येऊन श्वास घेतला, पुन्हा आत गेले. या खेपेला दोन्ही दंड सापडले. शेजारच्या रानातला म्हस्कू आरडाओरडा ऐकून आला, त्यानं ओढलं, तेव्हा कुठं दोघं वर आली. पोरीचे ओठ काळे पडले होते. मालनबाई तिचे गाल चापटत रडत होती. "बाई गं, डोळं उघड! तुज्या आईला मी काय सांगू?" तात्या गुडघ्यांवर बसून तिच्या तोंडाकडे नुसते बघत राहिले. भूकंपाला भ्याले नव्हते एवढे ते आता भ्याले होते.

बऱ्याच वेळानं मेघनाला उबळ आली. ती खोकली, ओकली, पुन्हा खोकली. डोळे उघडले. समोर तात्यांचं तोंड दिसलं तशी ती धडपडत उठायला लागली.

"मामा, रागवू नका," तिला धड बोलताही येत नव्हतं. "पाटी भरायची ऱ्हायली. परत वाजवा. या येळी बिगी बिगी उतरते."

मालनबाईचं रडणं थांबलं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. म्हस्कूनं मान खाली घातली.

"न्हाय पोरी, न्हाय," तात्या म्हणाले, आणि त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात पुढं केला. मेघना अंग चोरून मागं सरली.